'फकिरा' पोरांच्या हातात द्या

(घाटकोपरमध्ये वस्तीतल्या मुलांचे संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या पोरापोरींपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)

जयभीम. आणि खिडकीपाशी बसलेल्या माझ्या मातंग भावांना जय लहुजी. दोन्ही सलाम एका दमात घातले ते मुद्दाम. का घातले ते पुढं येईल.

तुमच्या पत्रकात माझ्या नावाआधी कवी असं छापलंय. ते रात्रीपुरतं खरं. दिवसा मी गोदीत माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. तेव्हा बालमानसशास्त्र, वाचनसंस्कृती, संस्कारक्षम वय असले शब्द माझ्या तोंडात बसत नाहीत, आणि मी ते बसवणारही नाही. तुम्ही मला विचारलंय ते साधं आहे. पाचवी ते आठवीची पोरं संध्याकाळी वर्गात येतात, गणित करतात, इंग्रजीचे स्पेलिंग घोकतात आणि जातात. त्यांच्याबरोबर मिळून वाचावं असं एक पुस्तक सांग. एक म्हणालात, म्हणून एकच सांगतो. अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा'.

काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या. दिसतायत मला. फकिरा ही मोठ्यांची कादंबरी. तिच्यात कापाकापी आहे, दरोडे आहेत. आणि दुसरी आठी अशी, की फकिरा वाचायची नसते, तिला हार घालायचा असतो. दर 1 ऑगस्टला आपण अण्णाभाऊंच्या फोटोला हार घालतो, डीजे लावतो, नाचतो आणि पुस्तक पुन्हा फोटोखालच्या टेबलावर उभं करून ठेवतो. मी म्हणतो, ते टेबलावरून खाली काढा आणि वीस पोरांच्या मधोमध उघडा.

आधी तुमच्या कपाटाबद्दल बोलू. आपल्या वर्गाची कपाटं दानातून भरतात. कुठल्यातरी सोसायटीतलं घर रिकामं होतं, रद्दीवाल्याला द्यायच्या आधी कुणाला तरी आपली आठवण येते आणि एक गठ्ठा वस्तीत येतो. त्यात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या असतो. साने गुरुजींची 'श्यामची आई' तर दोन-दोन प्रती असते. मी या पुस्तकांना शिव्या घालायला आलेलो नाही. फास्टर फेणे मला आवडतो. फुरसुंगीचा हा बारका पोरगा सायकलवर टांग मारतो तेव्हा मीही मागच्या कॅरियरवर बसलेला असतो. आणि 'श्यामची आई' हे तुरुंगात बसून लिहिलेलं पुस्तक आहे, ज्यानं लिहिलं त्यानंच 1947 साली पंढरपूरचं देऊळ आपल्यासाठी उघडावं म्हणून उपास मांडला, हे मी विसरत नाही. पण या गठ्ठ्यात शोधा. त्या गोष्टींत आपला माणूस कुठं आहे? असलाच तर अंगणात उभा आहे. लाकडं वाहतोय. कुणीतरी त्याच्यावर दया करतंय. दया करणाराचं नाव पुस्तकात आहे, ज्याच्यावर दया झाली त्याचं नाव नाही.

मग तुम्ही म्हणाल, आपली पुस्तकं आहेत की. आहेत. 'बलुतं' 1978 साली आलं. 'उपरा' 1980 साली. 'अक्करमाशी' 1984 साली. या पुस्तकांनी मराठी साहित्याची झोप उडवली. ती वाचली पाहिजेत, पण अकरा वर्षांच्या पोरानं नाही. सगळ्यात आधी तर नाहीच. याचं कारण नीट ऐका, माझ्या सगळ्या बोलण्याची गाठ इथं आहे. वस्तीतलं पोर आयुष्यात पहिल्यांदा छापील पानावर आपल्या माणसाला भेटतं, तेव्हा तो माणूस काय करत असावा? उष्टं खात असावा? मार खात असावा? बाप कोण म्हणून विचारल्यावर मान खाली घालत असावा? ते सगळं खरं आहे. पण ते पोराला रोज शाळेच्या रस्त्यावर फुकट वाचायला मिळतं. पहिली भेट वेगळी पाहिजे. पहिल्या भेटीत आपला माणूस घोड्यावर बसलेला पाहिजे.

'फकिरा'त तो घोड्यावर बसलेला आहे. घोड्याचं नाव गबऱ्या.

या देशात अजून नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड खातो. तर घोड्याचं मोल तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. सगळी सांगणार नाही. सगळी सांगितली तर तुम्ही वाचायचा कंटाळा कराल. वारणेचं खोरं. सांगली जिल्ह्यातलं वाटेगाव, अण्णाभाऊंचं स्वतःचं गाव. शेजारी शिगाव. शिगावात जोगणी आहे, म्हणून तिथं जत्रा भरते. वाटेगावात जोगणी नाही, म्हणून जत्रा नाही. दुसऱ्या गावची जोगणी पळवून आपल्या शिवेत आणली की मान आपल्या गावाकडं येतो, अशी रीत. आणायला जाणारा पकडला गेला तर जिता सुटत नाही. पण शीव ओलांडली की त्याला हात लावायचा नाही, हीही रीतच. वाटेगावचा रानोजी मांग रात्री गबऱ्यावर स्वार होतो आणि शिगावच्या भर जत्रेतून जोगणी उचलतो. मागं सगळं गाव लागतं. रानोजी शीव ओलांडतो, आणि शिगावचा खोत रीत मोडून त्याला शिवेपलीकडं मारतो. वाटेगावची जत्रा सुरू होते ती रानोजीच्या रक्तावर. मागं राहतात म्हातारा बाप दौलती, बायको राधा आणि दोन पोरं. साधू आणि फकिरा.

इथं थांबतो. बघा, गोष्टीचा नायक अजून पोर आहे. तुमच्या वर्गातल्या पोरांच्या वयाचा. ज्या बापाची गाणी व्हायची तो गेला आणि पोरगं मागं राहिलं, आता हे पोरगं काय करणार? एवढा प्रश्न वर्गात टाकून पुस्तक मिटा. दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायची गरज पडणार नाही.

आता या पुस्तकाचा खरा गुण सांगतो. ग्रंथालयवाले पुस्तकं खणाखणात लावतात. ऐतिहासिक एका खणात, सामाजिक दुसऱ्या, साहसकथा तिसऱ्या, लोकसाहित्य चौथ्या. 'फकिरा' कुठल्या खणात लावाल? पहिल्या भागात तो पोवाडा आहे. रात्र, घोडा, मशाली, पाठलाग. ते गद्य आहे, पण डफ वाजतोय हे कानाला कळतं. मग तो घरातली गोष्ट होतो. एक विधवा बाई, दोन पोरं आणि सुडाची आग. मग दुष्काळ पडतो आणि पुस्तक भुकेचा दस्तऐवज होतं. फकिरा मठकऱ्याचं धान्य लुटतो आणि उपाशी माणसांच्या दारात नेऊन टाकतो, तेव्हा तीच दरोड्याची थरारकथा होते. इंग्रज सरकार मांगवाड्याला चावडीवर हजेरी लावायला भाग पाडतं, तेव्हा तो इतिहास होतो. बेडसगावचा सरकारी खजिना लुटला जातो तेव्हा ते बंड होतं. आणि शेवटाला ती दंतकथा होते, आजी सांगते तसली, जिच्यात मेलेला माणूस मरत नाही.

सहा-सात जातींची पुस्तकं एका पंगतीला बसलीत. समीक्षकांना हे खुपलं. कुणी म्हणालं हे वास्तव नाही, रंजन आहे. कुणी म्हणालं हा तमाशातला फार्स आहे, कादंबरी नव्हे. मी म्हणतो, ही मिसळ आहे. फरसाण वेगळं, उसळ वेगळी, रस्सा वेगळा खाऊन मिसळीची चव कळत नाही. अण्णाभाऊंनी लिहायला सुरुवात कुठून केली ते आठवा. शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. बापाबरोबर वाटेगावहून मुंबईला चालत आले. हमाली केली, फेरीवाल्याचं गाठोडं वाहिलं, गिरणीत राबले. अक्षरं ओळखायला शिकले ते दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या पोस्टरवरून. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. तमाशाला लोकनाट्य केलं. हजारोंच्या सभेपुढं उभं राहून, चालू पावसात, माईक बंद पडला तरी माणसं धरून ठेवायची विद्या त्यांच्याकडं होती. असा माणूस कादंबरी लिहायला बसला तर तो खण मोजून लिहील का? त्याला एकच खण माहीत होता. ऐकणारा माणूस उठून जाता कामा नये.

म्हणून हे पुस्तक तुमच्या पोरांना जमेल. आपली पोरं भेसळीत वाढलीत. घरात एक बोली, शाळेत दुसरी, गल्लीत हिंदी, मोबाईलवर तिसरंच काहीतरी. एका रात्रीत ती भीमगीत ऐकतात, तमिळ पिक्चर हिंदीत बघतात आणि आजीकडून म्हसोबाची गोष्ट ऐकतात. एका सुराची, एका रंगाची गोष्ट त्यांना पाच मिनिटांत झोपवते. 'फकिरा' सूर बदलत राहतो. पोरगं पेंगायला लागलं की घोडा येतो.

मी हे हवेत बोलत नाही. गोदीत जेवणाच्या सुट्टीत मी 'फकिरा' मोठ्यानं वाचलाय. ऐकणारे निम्मे बिहारचे, उत्तर प्रदेशचे. मी मराठीत वाचायचो आणि मोडक्या हिंदीत सांगायचो. जोगणीची शर्यत चालू असताना भोंगा वाजला. एकही माणूस उठेना. एक म्हातारा म्हणाला, पहले ये बता, सरहद पार किया कि नहीं. समीक्षा याला म्हणतात.

आता अडचणी. त्या लपवून पुस्तकाची शिफारस करणं ही दलाली होईल.

पहिली अडचण. नायक दरोडेखोर आहे. पालक विचारतील, पोरांना काय शिकवताय? विचारू दे. तुम्ही त्यांना हजेरीचं प्रकरण वाचून दाखवा. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आईच्या पोटातून बाहेर पडताच माणूस गुन्हेगार. त्यानं काही करायची गरज नाही, जन्म हाच गुन्हा. हा कायदा रद्द झाला 1952 साली, स्वराज्य आल्यावर पाच वर्षांनी. 'फकिरा'त माणसं आधी गुन्हेगार ठरतात आणि मग बंड करतात. हा क्रम पोरांना दाखवा. आजही आपल्या गल्लीत रात्री काही घडलं की आधी गाडी कुठल्या वस्तीकडं वळते हे सातवीतल्या पोराला माहीत आहे. त्याला या क्रमाचं नाव माहीत नाही. पुस्तक त्याला ते नाव देतं.

आणि एक फरक त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोका. गल्लीतला भाई म्हणजे फकिरा नव्हे. भाई हप्ता घेतो तो आपल्याच भाजीवालीकडून, आपल्याच रिक्षावाल्याकडून. फकिरानं धान्याची कणगी फोडली ती कुणाची आणि ते धान्य गेलं कुठं, हे पोरांना वहीत लिहायला लावा. दोन रकाने काढा. कुणाकडून घेतलं, कुणाला दिलं. सगळं अर्थशास्त्र त्या दोन रकान्यांत आहे.

दुसरी अडचण आपल्यातल्या जहालांना टोचते, मलाही टोचते. पुस्तकात चांगला पाटील आहे, शंकरराव. चांगला कुलकर्णी आहे, विष्णुपंत. दुष्काळात हाच विष्णुपंत सांगतो की मरू नका, जगा, कसंही करून जगा. आपला पँथर लगेच म्हणतो, बामणाच्या परवानगीनं बंड? बरोबर आहे त्याचं. त्याहून मोठा प्रश्न रानोजीचा आहे. तो मेला कुणासाठी? गावाच्या जत्रेसाठी. त्या गावानं त्याला किती आत घेतलं होतं? जत्रा वाटेगावची झाली, मांगवाडा गावाबाहेरच राहिला. मग हा पराक्रम की वेठ?

याचं उत्तर मी देणार नाही आणि तुम्हीही वर्गात देऊ नका. अण्णाभाऊ कम्युनिस्ट चळवळीतून आले होते. चांगला माणूस कुठल्याही आळीत सापडू शकतो, असं ते मानायचे. त्यांची ती श्रद्धा पुस्तकात आहे. आपला प्रश्न आपल्या डोक्यात आहे. दोन्ही पोरांपुढं ठेवा आणि गप्प बसा. बारा वर्षांचं पोर तुमच्यापेक्षा कठोर न्यायाधीश असतं. गोष्ट आवडूनही गोष्टीशी भांडता येतं, हे ज्याला बाराव्या वर्षी कळलं त्याला पुढं कुठलाही पुढारी, कुठलाही ग्रंथ, कुठलंही चॅनेल सहज गुंडाळून ठेवू शकत नाही.

तिसरी अडचण पोरींची. राधा जबरदस्त बाई आहे. नवऱ्याचं रक्त बघितलेली, तरी पोरांना ताठ ठेवणारी. पण घोडा तिला मिळत नाही. तलवारही मिळत नाही. हे तुम्ही सांगू नका, पोरीच बोलतील. बोलल्या की त्यांच्या हातात वही द्या. रानोजी जोगणी आणायला गेला ती रात्र राधेनं कशी काढली, ते लिहा म्हणावं. पुस्तक घोड्याबरोबर गेलं, पोरींनी घरात थांबून लिहावं. मी पैजेवर सांगतो, तुमच्या पुढच्या भित्तिपत्रकाचा मजकूर तिथं तयार होईल. आणि मोठ्या झाल्या की त्यांना अण्णाभाऊंची 'चित्रा' द्या, 'वैजयंता' द्या. बाई मधोमध ठेवून त्यांनी भरपूर लिहिलंय.

चौथी, शेवटाची. सरकार फकिराला पकडू शकत नाही, म्हणून त्याच्या माणसांना पकडतं. बायका, म्हातारे, पोरं. त्यांना सोडवायला फकिरा स्वतः चालत जाऊन शरण जातो. पोरं चिडतील. हरला? एवढं सगळं करून हरला? चिडू द्या. दुसऱ्या दिवशी विचारा, हरला म्हणजे काय झालं? आणि तो हरला असेल तर आपण त्याचं नाव का घेतोय, त्याला पकडणाऱ्याचं का नाही?

पाचवी भाषेची. वारणाकाठची बोली, शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू. कणगी, पेव, वेस, चावडी, जोगणी. तुम्हालाही सगळे शब्द लागणार नाहीत. उत्तम. शब्द अडला की पोरानं तो घरी न्यायचा आणि म्हाताऱ्या माणसाला विचारायचा. आपल्या वस्तीत सातारा-सांगलीच्या, सोलापूरच्या, जालना-परभणीच्या आज्या बसल्यात. सगळं आयुष्य त्यांना कुणी अडाणी म्हटलं. आता चौथी शिकलेला नातू विचारतोय, आज्जे, पेव म्हणजे काय? त्या आजीचा चेहरा बघायला तुम्ही स्वतः जा. शब्दाबरोबर ती गावची गोष्ट सांगेल. उपासाची, पायपिटीची, कुणा बंडखोर मामाची. ती लिहून घ्या. एक पुस्तक वाचता वाचता वीस घरांतली पुस्तकं उघडतील.

आता त्या दोन सलामांकडं येतो.

आपल्या वर्गात बौद्धांची पोरं बसतात, मातंगांची बसतात, चर्मकारांची बसतात. पोरांना याचं काही नसतं. मोठ्यांना असतं. गेल्या काही वर्षांत ते फार वाढलंय. 1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध एक असा निकाल दिला, की अनुसूचित जातींच्या आरक्षणाचं पोटवर्गीकरण राज्यांना करता येईल. तारीख बघा. नेमकी अण्णाभाऊंची जयंती. त्या दिवसापासून महाराष्ट्रात आपल्याच दोन घरांत भिंत चढायला लागली. वर्गीकरण हवं की नको, यावर तुम्ही मोठी माणसं बसून भांडा. आकडे मांडा, कुणाला किती मिळालं आणि कोण मागं राहिलं याचा हिशेब करा. मागं राहिलेल्याचं म्हणणं दाबू नका. पण सातवीतल्या पोरानं शेजारच्या बाकावरच्या दोस्ताला विचारता कामा नये, की तू बाबासाहेबांचा का अण्णाभाऊंचा?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात 'फकिरा'चं पहिलं पान द्या. मातंग समाजात जन्मलेल्या, लाल बावटा खांद्यावर घेतलेल्या या माणसानं 1959 साली आलेली आपली सगळ्यात गाजलेली कादंबरी कुणाला अर्पण केली? बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला. त्याआधीच्या वर्षी, 1958 साली, मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं त्याचं उद्घाटन कुणी केलं? अण्णाभाऊंनी. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, ती दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे, असं ते तिथं म्हणाले. तळहाताला पोटजात नसते. घट्टे असतात. माझ्या हाताला आहेत, तुमच्या बापाच्या हाताला आहेत. पोरांना सांगा, घरी जाऊन बघा.

आणि अजून एक. हे पुस्तक लिहिणारा माणूस परका नाही. तो घाटकोपरचा आहे. स्टेशनच्या पश्चिमेला चिरागनगर. तिथल्या एका झोपडीत अण्णाभाऊ वर्षानुवर्षं राहिले, तिथं बसून लिहीत गेले. 1961 साली 'फकिरा'ला महाराष्ट्र सरकारचं बक्षीस मिळालं, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले, 1963 साली 'फकिरा'वर सिनेमा निघाला. आणि हा माणूस पुन्हा त्याच गल्लीत येत होता. शेवटी सरकारनं गोरेगावला सिद्धार्थनगरात घर दिलं. तिथं 18 जुलै 1969 रोजी, एकोणपन्नास वर्षं पुरी व्हायच्या आत, ते गेले. 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. मॉस्कोला जायला आपल्याकडं पैसे नाहीत. चिरागनगरला जायला लागत नाहीत. तुमच्या वर्गातून चालत अर्धा तास. एका रविवारी पोरांना न्या. सांगा, तुमच्यासारख्याच पत्र्याखाली, तुमच्यासारख्याच गोंगाटात बसून एका माणसानं लिहिलं. त्याला टेबल नव्हतं, खोली नव्हती, शाळेचा दाखला नव्हता. उद्या एखादं पोर घरात अभ्यासाला जागा नाही म्हणून रडत आलं तर तुमचं भाषण कामाला येणार नाही. ही गल्ली येईल.

वाचायचं कसं, ते सांगून संपवतो.

प्रत एकच पुरे. ती वाचणाऱ्याच्या हातात. पोरांना वाटू नका, त्यांना ऐकू द्या. ज्यांना वाचायला आवडेल ते आपणहून हिसकावून घेतील. रोज वीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, अभ्यास संपल्यावर. अभ्यास केला नाही म्हणून गोष्ट बंद, असली शिक्षा करू नका. गोष्ट हे बक्षीस नाही, तो त्यांचा हक्क आहे. वाचताना सपाट वाचू नका. जोगणीची रात्र पोवाड्यासारखी वाचा, दुष्काळ हळू वाचा, हजेरी सरकारी नोटिशीसारखी वाचा. लाजू नका. गल्लीत माणसं गोळा झाली तर होऊ द्या. मारामारीची वर्णनं जिथं फार रक्ताळ होतात तिथं लहानांचे चेहरे बघा आणि दोन ओळी गाळायच्या तर गाळा. लेखक रागावणार नाही. तो शाहीर होता, समोरची सभा बघून कडवं बदलणारा.

धडा संपला की प्रश्नोत्तरं लिहायला लावू नका. शाळेनं तेवढं केलंय. त्यापेक्षा जोगणीची शर्यत गल्लीत खेळवा. एक टोक शिगाव, एक टोक वाटेगाव, मधे खडूची शीव. वाटी म्हणजे जोगणी. एकदा खोताच्या बाजूनं रीत मोडा आणि बघा पोरं काय गदारोळ करतात. नियम ज्यानं केला त्यानंच तो मोडला, हे त्यांना अंगानं कळेल. घटना, कायदा, न्याय हे शब्द पुढं नागरिकशास्त्रात भेटतील तेव्हा त्यांना ती खडूची रेघ आठवेल.

आणि शेवटी त्यांना विचारा, यात खरं किती आणि सांगोवांगी किती? अण्णाभाऊंनीच सांगून ठेवलंय की त्यांचा जन्म झाला तेव्हा फकिरानं लुटीतले सुरती रुपये ओंजळीनं त्यांच्या घरात दिले होते. घरात ऐकलेली गोष्ट, गावात ऐकलेली गोष्ट, सरकारी दफ्तरातली गोष्ट, या तीन वेगळ्या असतात. आपली माणसं दफ्तरात सापडतात ती फक्त आरोपी म्हणून. त्यांचं उरलेलं आयुष्य कुठं लिहिलंय? ते कुणीतरी लिहायचं असतं. हे वाक्य उच्चारू नका. पुस्तक संपेस्तोवर ते एखाद्या पोराच्या डोक्यात आपोआप उगवेल.

तर वेळापत्रक घ्या. 1 ऑगस्टला डीजेच्या वर्गणीतून दोनशे-तीनशे रुपये बाजूला काढा आणि प्रत आणा. संध्याकाळी हार घातला की त्याच जागी बसून पहिलं पान वाचा. अर्पणपत्रिकेपासून. पाऊस, गणपती, सहामाही, दिवाळी, सगळं मधे येईल, येऊ द्या. 6 डिसेंबरला पोरांना चैत्यभूमीवर न्याल त्याच्या आदल्या दिवशी शेवटचं पान वाचून व्हायला पाहिजे. अण्णाभाऊंच्या जन्मदिवसापासून बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनापर्यंत चार महिने आणि पाच दिवस मिळतात. तेवढ्यात हे पुस्तक आरामात होतं.

वर्गात कोण वाचणार ते आत्ताच ठरवा. दोघं ठरवा, एक आजारी पडला तर दुसरा. नावं फळ्यावर लिहा. मग चहा घेऊ.

जयभीम. जय लहुजी.